केनी डॉरमची 'अलोन टुगेदर': सूर धरावा कसा, सोडावा कुठे

वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागावा म्हणून तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तीन वर्षं तू ट्रंपेट शिकतो आहेस. बॅलड, म्हणजे संथ लयीचं भावपूर्ण गाणं, वाजवलीस की ऐकणारे म्हणतात, "गोड आहे, पण सपाट आहे." म्हणून मी तुला अमेरिकन जॅझ ट्रंपेटवादक केनी डॉरमची 'अलोन टुगेदर' ऐकायला सांगितली. पाच-सहा वेळा ऐकून तू लिहिलंस: "सर, छान आहे, पण त्यात काही घडतच नाही. सोलो नाही, वरचे सूर नाहीत. तो नुसती चाल वाजवतो आणि थांबतो. बॅलडसाठी माइल्स डेव्हिस आणि चेट बेकर असताना याच्याकडे का जायचं?"

नुसती चाल वाजवतो, हे तू अगदी बरोबर ऐकलंस. हिशोबच करून बघ. हे गाणं ४४ बारचं आहे, एका बारमध्ये चार ठोके, म्हणजे १७६ ठोके. डॉरमची लय सेकंदाला साधारण एक ठोका, आणि रेकॉर्डिंग तीन मिनिटांच्या जरासं वर. गाणं एकदा पुरं होतं, शेवटाला चार श्वासांची जागा उरते, संपलं. दुसऱ्या फेरीत जॅझवाले मूळ चाल सोडून आपलं बोलू लागतात, तोच सोलो. डॉरम तिथवर जातच नाही. त्याला जे म्हणायचं आहे ते त्या एका फेरीत म्हणून होतं.

ते तो कशाच्या जोरावर म्हणतो, हे ऐकायचं तर कान सुराच्या मध्यावरून काढून त्याच्या दोन टोकांवर लाव. आपण शिकणारे सुराचं पोट ऐकतो: किती भरलेला आहे, किती लांब धरला. डॉरमचं सगळं काम सुरुवातीला आणि शेवटाला चालतं. विशेषतः शेवटाला.

एकच लांब सूर घे, पहिल्या ओळीतला कुठलाही. सुरू होताना जिभेचा ठोका जवळजवळ ऐकूच येत नाही. आपण बँडमध्ये 'टा' शिकतो, कारण मैदानावर शंभर माणसांना ऐकू जायचं असतं. हा 'दा'पेक्षाही मऊ आहे. हवा आधी निघालेली असते आणि जीभ फक्त दार लोटते. बऱ्याचदा तो सुराला खालून किंचित शिवून वर येतो, आपल्याकडे गवई कणस्वर लावतो तसा. मग सूर सरळ धरतो, थरथर नाही. आणि सूर संपत आला की अगदी टोकाला एक हलकी थरथर येते, आवाज बारीक होतो, पण पडत नाही. कुठे तुटला हे बोट ठेवून दाखवता येत नाही. तू मात्र सूर जिभेने बंद करतोस, मागच्या महिन्यात पाठवलेल्या रेकॉर्डिंगमध्ये दर ओळीच्या शेवटी 'त्' ऐकू येतो. सपाटपणा तिथे आहे. ओळीचा भाव जिथे उतरायला लागतो, नेमकं तिथेच तू दार आपटतोस.

हे दिसतं तितकं सोपं नाही. ट्रंपेटवर मोठ्याने वाजवणं कष्टाचं असेल, पण हळू वाजवणं धोक्याचं असतं. ओठांना थरथरायला हवा लागते. हवा कमी केली की सूर बोलेल की नुसताच फुस्स होईल, याचा भरवसा नसतो. ओठांचे कोपरे घट्ट, मधला भाग सैल, आणि पोटातून हवेची बारीक पण न तुटणारी धार, हे तिन्ही एकाच वेळी जमलं तर तो शेवट मिळतो. डॉरम तरुणपणी बॉक्सिंग करायचा. त्या हळुवारपणामागे केवढी ताकद आहे ते कळतं, म्हणून सांगतो.

ही बॅलड 'क्वायट केनी' या एलपीवर आहे. १३ नोव्हेंबर १९५९ रोजी, न्यू जर्सीतल्या एंगलवूड क्लिफ्सला, रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत एका दिवसात ती रेकॉर्ड झाली. व्हॅन गेल्डर त्याआधी आईवडिलांच्या घराच्या दिवाणखान्यात रेकॉर्डिंग करायचा. उंच लाकडी छताचा हा नवा स्टुडिओ त्याच वर्षी उभा राहिला होता. चांगल्या हेडफोनवर ऐकलंस तर ट्रंपेटभोवती हवा आहे असं वाटतं आणि सुराची आस विरत जाताना ऐकू येते. सोबतीला पियानोवर टॉमी फ्लॅनगन, बासवर पॉल चेंबर्स, ड्रमवर आर्ट टेलर. ही तीन नावं लक्षात ठेव. त्याच वर्षी मे महिन्यात याच तिघांनी सॅक्सोफोनवाल्या जॉन कोल्ट्रेनबरोबर 'जायंट स्टेप्स' वाजवलं होतं, ज्यात कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) इतक्या वेगाने बदलतात की भल्याभल्यांची दमछाक होते. सहा महिन्यांनी तेच तिघं इथे बसून एकेका कॉर्डला उमलायला वेळ देतात. फ्लॅनगनचं ऐक. डॉरमचा सूर चालू असताना तो जवळजवळ काही बोलत नाही, आणि सूर विरला की मग दोन-तीन स्वर ठेवतो. समोरचा आपलं वाक्य पुरं करेल याचा त्याला पूर्ण विश्वास आहे.

आता माइल्स आणि चेट. तू त्यांची नावं घेतलीस हे बरंच झालं, कारण हीच बॅलड तिघांनीही रेकॉर्ड केली आहे आणि तीही पाच वर्षांच्या आत. माइल्सची १९५५ची, 'ब्लू मूड्स'वर. चेट बेकरची डिसेंबर १९५८ची, 'चेट' या एलपीवर, पियानोवर बिल एव्हान्स. आणि तिथेही बासवर पॉल चेंबर्सच! एकाच बासवाल्याने वर्षभरात हे गाणं दोन ट्रंपेटवाल्यांबरोबर वाजवलं. एका संध्याकाळी तिन्ही ओळीने ऐक, मध्ये दुसरं काही नको.

माइल्स आणि चेट दोघंही सहा-सात मिनिटं घेतात. माइल्स सुरांच्या मधली जागा मोठी करतो, ऐकणारा त्या शांततेत अडकतो. चेटच्या सुरात एक पोरकेपणा आहे, तो ऐकताना त्याची काळजी वाटते. दोघंही मला फार प्रिय आहेत. पण दोघांचाही असर त्यांच्या स्वभावातून येतो, आणि तो उसना घेता येत नाही. शिकणारी मुलं माइल्सची नक्कल करतात तेव्हा नुसत्या रिकाम्या जागा उरतात, चेटची करतात तेव्हा रडवेपणा. डॉरम गाण्याच्या पुढे उभा राहत नाही. तो गाणं सांगतो. म्हणून त्याच्याकडून शिकायचं.

आणि सांगणं त्याला माहीत होतं, कारण तो गायचाही. १९५८ साली त्याने स्वतः गायलेली एक एलपी केली आहे, 'धिस इज द मोमेंट'. गायक म्हणून त्याचं नाव झालं नाही, पण ती ऐकल्यावर त्याच्या ट्रंपेटमधले शब्द मला पहिल्यांदा ऐकू आले. 'अलोन टुगेदर' हे १९३२च्या 'फ्लाइंग कलर्स' या ब्रॉडवेच्या संगीतिकेतलं गाणं. संगीत आर्थर श्वार्ट्झचं, शब्द हॉवर्ड डिट्झचे. भाव असा: गर्दीपासून दूर, जगापासून वर, आपण दोघंच; पुढचं काही माहीत नाही, पण एकमेकांना धरून आहोत तोवर भीती नाही. नावातच ती गाठ आहे, एकटे आणि तरीही सोबत. भावगीत गाणारा चांगला गायक चालीत फारसा फरक करत नाही, पण कुठला शब्द जड करायचा, कुठला नुसता ओठांवरून सोडायचा, हे त्याचं असतं. डॉरम ट्रंपेटवर तेच करतो.

गाण्याची बांधणीही समजून घे, नाहीतर फसशील. मी फसलो आहे. पंचविशीत होतो, मुंबईतल्या एका हॉटेलच्या लाउंजमध्ये रोज रात्री वाजवायचो. माझे गुरू गोव्याचे. तिथल्या चर्चच्या शाळेत सोल्फेज (पाश्चात्त्य पद्धतीचं स्वरवाचन) शिकून, मुंबईच्या बँडमध्ये आणि सिनेमाच्या वाद्यवृंदांत आयुष्य काढलेल्या पिढीतले. हल्दोण्याच्या चिक चॉकलेटचा ट्रंपेट त्यांनी समोर बसून ऐकलेला. त्या रात्री ते ऐकायला आले होते. मी 'अलोन टुगेदर' घेतली. बहुतेक गाण्यांत पहिला भाग आठ किंवा सोळा बारचा असतो, म्हणून मी मनात सोळा मोजत होतो. चौदा बार होताच पियानो पुढच्या ओळीला गेला आणि मी शेवटचा सूर धरून मागे राहिलो. सावरलं, पण गाणं त्या क्षणी मेलं होतं. परतीच्या लोकलमध्ये बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तू बार मोजत होतास. वाक्य म्हटलं असतंस तर कळलं असतं, ते तिथेच संपतं."

या गाण्याचे पहिले दोन भाग चौदा-चौदा बारचे, मधला आठचा, शेवटचाही आठचा. मिळून ४४. आपल्याला चौदा मात्रांचं नवल नाही, झुमरा आहे, दीपचंदी आहे. इथे चौदा मात्रा नसून चौदा बार आहेत, तरी जातीने ते तसंच आहे: ओळ चौकटीत कोंबलेली नाही, म्हणणं जिथे पुरं झालं तिथे थांबलेली आहे. डॉरमला ऐकताना मोजायची गरजच वाटत नाही, कारण तो वाक्यं म्हणतो.

दुसरी गोष्ट याहून नाजूक. हे गाणं सहसा डी मायनरमध्ये वाजवतात, म्हणजे आपल्या बी-फ्लॅट ट्रंपेटवर ई मायनर. पण पहिले दोन्ही भाग मायनरवर संपत नाहीत. अगदी शेवटी कॉर्ड मेजर होते. बारा बार सावली, आणि मग खिडकी उघडते. शेवटच्या भागात मात्र ती खिडकी उघडत नाही, गाणं मायनरवरच मिटतं. हे ऐकणाऱ्याला समजावून सांगायला लागू नये, पण वाजवणाऱ्याच्या अंगात ते असायलाच हवं. मेजर येतो तिथे डॉरम आवाज मोठा करत नाही. उजेड आला म्हणून कुणी ओरडत नाही. तो सुराचा पोत बदलतो, किंचित गरम करतो. हे पहिल्यांदा ऐकू आलं तेव्हा मी रेकॉर्ड थांबवून बसून राहिलो होतो.

एवढं असून हा माणूस मागे का राहिला? अमेरिकन समीक्षक गॅरी गिडिन्सने म्हटलं आहे की डॉरमचं नाव म्हणजे 'दुर्लक्षित' या शब्दाचाच जणू प्रतिशब्द झाला आहे. कारण शोधायचं तर त्याच्या कामाची यादी बघ. डिसेंबर १९४८ मध्ये चार्ली पार्करच्या पंचकात माइल्सच्या जागी तो आला, पुढच्या मे महिन्यात पार्करबरोबर पॅरिसच्या जॅझ महोत्सवात वाजवून आला. आर्ट ब्लेकी आणि होरेस सिल्व्हरच्या जॅझ मेसेंजर्समध्ये सुरुवातीचा ट्रंपेट त्याचा. जून १९५६ मध्ये क्लिफर्ड ब्राउन पंचविसाव्या वर्षी मोटार अपघातात गेला, तेव्हा मॅक्स रोचच्या बँडमध्ये ती जागा भरायला डॉरमच गेला. कायम कुणाच्या तरी जागी. लोक आधीच्याला शोधत त्याला ऐकायचे, आणि तोवर ली मॉर्गन, फ्रेडी हबार्ड यांची चमकदार पिढी दारात येऊन उभी राहिली. नावाचंही तसंच. मूळ मॅकिन्ली, त्यावरून किनी. काही जुन्या रेकॉर्डवर 'किनी डॉरम' असंच छापलेलं आहे. पुढे केनी झाला.

'ब्लू बोसा' तू वाजवतोस. जगभरात जॅझ शिकणारं प्रत्येक पोर पहिल्या वर्षी ती वाजवतं. ती डॉरमची आहे. १९६३ मध्ये जो हेंडरसनच्या 'पेज वन'वर ती आली, आणि तिथेही ट्रंपेट त्याचाच आहे. शेवटच्या काही वर्षांत किडनीच्या आजाराने त्याला गाठलं आणि ५ डिसेंबर १९७२ रोजी तो गेला, अठ्ठेचाळीसाव्या वर्षी. आज 'क्वायट केनी'च्या मूळ एलपीसाठी संग्राहक मोठमोठ्या रकमा मोजतात. हे वाचलं की माझा जीव कळवळतो.

क्लिफर्ड ब्राउनचा विषय निघाला म्हणून आणखी एक बॅलड सांगतो. पुढेमागे तुला ती लागेलच. ब्राउनने आपल्या बायकोच्या नावाने एक चाल बांधली होती, 'लारू'. तो गेल्यावर वर्षभराच्या आत, मे १९५७ मध्ये, डॉरमने ती 'जॅझ कॉन्ट्रास्ट्स'वर वाजवली. ड्रमवर मॅक्स रोच, आणि सोबतीला बेटी ग्लामनचं हार्प. विचार कर: गेलेल्या माणसाची चाल, त्याच्या बायकोच्या नावाची, त्याच्याच जागी वाजवणारा माणूस, आणि ताल धरायला त्याचा जोडीदार. इथे कुणीही गळा काढला असता. डॉरम तिथेही नुसती चाल सांगतो, जपून. हार्पसारखं वाद्य बॅलडला साखरेत घोळवू शकतं, पण त्याच्या सुराचा जो जरा कोरडा, धुरकट काठ आहे त्यामुळे गोडवा अंगावर येत नाही. तुला लोक "गोड आहे" म्हणतात ना, तिथे हा कोरडेपणा औषध आहे. व्हायब्रेटो, म्हणजे सुराची थरथर, निम्म्याने कमी कर.

'क्वायट केनी'वरच 'माय आयडियल' आणि 'ओल्ड फोक्स' आहेत, त्या नंतर. त्यात तो सोलो घेतो आणि त्या सोलोंतही चालीचा धागा सुटत नाही. पण आधी ही एकच.

आता कामाचं. पहिले चार दिवस ट्रंपेट पेटीतच राहू दे. गाण्याचे शब्द मिळव, मोठ्याने वाच, गद्य वाचतो तसे. कुठे आपोआप थांबतोस तिथे पेन्सिलने खूण कर. श्वास तिथेच घ्यायचा, दुसरीकडे कुठेही नाही. मग चाल गा. आवाज बरा नसला तरी चालेल, माझे गुरू मला गाऊन दाखवल्याशिवाय माउथपीसला हात लावू देत नसत. त्यानंतर रेकॉर्ड लाव आणि डॉरमबरोबर गा, त्याच्या प्रत्येक सुराच्या शेवटापर्यंत. तुझा श्वास कुठे आधी संपतो ते कळेल.

मग वाद्य काढ. मधल्या सप्तकातला जी घे, मोकळा, एकही वाल्व्ह न दाबता. जीभ न लावता फक्त हवेने सुरू कर, बारा ठोके धर आणि शेवटच्या चार ठोक्यांत विरू दे. जिभेने बंद करायचा नाही, गळ्यानेही नाही. हवा संपेल तसा संपेल. सुरुवातीला आठव्या-नवव्या ठोक्याला तो तुटेल. तुटू दे. ओठांचे कोपरे सैल पडताहेत, त्याची ती खूण आहे. मग तेच जी-शार्पवर, दुसरा-तिसरा वाल्व्ह. ई मायनर आणि ई मेजर यांच्यात फरक एवढाच, जी आणि जी-शार्प. कुणाला तरी पियानोवर, नाहीतर फोनच्या ॲपवर, आधी मायनर आणि मग मेजर कॉर्ड धरायला सांग आणि त्यावर हे दोन सूर आळीपाळीने ठेव. खिडकी उघडते ती तुझ्या बोटांना आणि ओठांना कळली पाहिजे. रोज वीस मिनिटं, त्याहून जास्त नको, ओठ थकले की चुकीच्या सवयी लागतात.

आठवडाभराने पहिले चौदा बार वाजव. पियानो नको, मेट्रोनोम नको. फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून रेकॉर्ड कर, जवळ ठेवलास तर फुंकरच ऐकू येईल. रात्री घरातले झोपल्यावर वाजवलंस तर उत्तम, आवाज आपोआप खाली राहतो. एकदाच वाजव आणि पाठव, दुरुस्त करत बसू नकोस. मी शेवटच्या दोन बारपासून ऐकायला सुरुवात करेन.